टाकीवरची रेघ

डोळखांबच्या वरच्या अंगाला, एका पाड्याजवळच्या माळावर गॅस शोधणाऱ्या कंपनीने भोक पाडायला घेतलं, तेव्हा मैना फर्डे सगळ्यांत आधी नको म्हणाली आणि सगळ्यांत आधी कामालाही तीच लागली. दुसरं काम मिळायचं ते भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, आणि घरात सासू अंथरुणाला खिळलेली.

नको म्हणायला कारण होतं. मैना नऊ वर्षांची असताना तिचा बाप गाळ काढायला जुन्या विहिरीत उतरला, तो वर आलाच नाही. त्याला काढायला चुलता उतरला, तोही झोप आल्यासारखा खालीच बसला. वास नाही, धूर नाही, आवाज नाही. जमिनीच्या पोटात काहीतरी असतं आणि ते दिसत नाही, एवढं तिला तेव्हापासून ठाऊक.

काम तसं सोपं होतं. मड, म्हणजे मातीचं दाट पाणी, पाइपातून खाली सोडायचं. तेच फोडलेल्या दगडाचा चुरा घेऊन वर येई आणि चाळणीवरून टाकीत पडे. दर पाच मीटरला मैनाने तो चुरा उचलायचा, धुवायचा, कापडी पिशवीत भरून वर खोली लिहायची. समीक्षा नावाची तरुण भूगर्भशास्त्रज्ञ तो भिंगाखाली बघे.

"मैनाताई, हा आपला सगळा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा," समीक्षाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "थरावर थर, दीडेक किलोमीटर. त्याच्याखाली त्याहून जुनी वाळू असेल, असा अंदाज आहे. तिच्यात गॅस असला, तर या दगडाने झाकणासारखा दाबून ठेवला असेल."

"त्या झाकणाला तुमी भोक पाडता?"

"मडाच्या वजनाने गॅस खालीच राहतो. टाकीवर ही रेघ बघा. मड रेघेच्या वर चढायला लागलं, तर खालून काहीतरी आत शिरतंय आणि त्याला ढकलतंय. लगेच सांगायचं."

त्या दिवसापासून मैनाचं अर्धं लक्ष चुऱ्यावर आणि अर्धं रेघेवर. तीन महिने काळाच चुरा आला. मधेच एखादा थर विटेसारखा तांबडा लागे, कधी पांढरे स्फटिक चमकत. रंग बदलला की ती आधी रेघ बघे.

एका दुपारी चुरा एकदम फिका आला. नदीच्या वाळूसारखे दाणे होते. समीक्षाने ते भिंगाखाली धरले आणि आनंदाने फोन करायला केबिनकडे धावली. टाकीपाशी मैना एकटी राहिली. मडावर बारीक बुडबुडे येत होते, पेज उकळावी तसे. रेघ बोटभर बुडाली. मग दोन बोटं.

ती पळाली. गेटाकडे, चपला तिथेच टाकून. वीसेक पावलांवर मागे वळून बघितलं, तर भोकावरच्या उंच फलाटावर चौघेजण तिच्याकडे पाठ करून काम करत होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मैना परत फिरली. ज्या लोखंडी जिन्यावर ती कधी चढली नव्हती तो चढली आणि कुंडलिकची बाही धरली. कुंडलिक हा मुरबाडचा जुना ड्रिलर, भोक पाडणारं यंत्र चालवणारा.

"मड चढतंय."

"किती?"

तिने दोन बोटं दाखवली.

कुंडलिकने पाइप वर उचलला, पंप बंद केला. पंप थांबला तरी मड येतच होतं. त्याने खटका ओढला आणि खाली पाइपाभोवती जाड झडप मिटली. दाब दाखवणारी सुई वर सरकू लागली. भोंगा वाजला. ज्यांचं तिथे काम नव्हतं ते जिकडून वारा येत होता त्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन बसले. मैना एकेकाचं तोंड न्याहाळत होती. वॉचमनने देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले, तशी तिने त्याला गदागदा हलवलं.

"डोळं मिटू नको. बोलत राहा."

संध्याकाळपर्यंत जड मड आत सोडत राहिले. वर आलेला गॅस लांबच्या नळीच्या तोंडाशी जाळला. पिवळी ज्योत माणसाएवढी झाली, मग विझली. कुणाला काही झालं नाही.

मैना तीन दिवस कामावर गेली नाही. चौथ्या दिवशी समीक्षा घरी आली.

"तुम्हाला एकटं सोडून मी गेले. चूक माझी."

"मी पळालेले, मॅडम."

"परत आलात ना."

"आले. पण आधी पळालेले." मैनाने पदराने तोंड पुसलं. "कुणाला सांगू नका."

गॅस फार नव्हता, वाळूचा थरही पातळ निघाला. कंपनीने भोकात सिमेंट भरलं आणि सामान उचललं. वर्षभराने मुरबाडच्या बाजूला नवं काम निघालं, तेव्हा कुंडलिकने निरोप धाडला, टाकीवर मैनाबाईच पाहिजे. सासू तोवर गेली होती. मैनाने दोन दिवस काढले, मग ती जीपने गेली. रेघेवरची नजर न काढता ती लिहिते, पिशव्यांवरचे आकडे वाकडेतिकडे येतात. समीक्षा ते तसेच वाचते, पुन्हा लिहायला लावत नाही.