मौनाच्या जेवणात ऐकलेले वाक्य

माणसाने उच्चारलेच नाही असे वाक्य दुसऱ्यास ऐकू येऊ शकते काय? एवढाच प्रश्न मला तपासायचा आहे. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. असल्या गोष्टींवर विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही... तरीही.

साठच्या दशकाच्या आरंभीची गोष्ट. लग्नानंतर मी पुण्याहून बंगळूरला, मल्लेश्वरममध्ये आले. सासरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. सासरे, म्हणजे अण्णा, चातुर्मासात दुपारचे जेवण मौनाने घेत. त्यांच्यासोबत सारे घरही. मीठदेखील खुणेने मागायचे.

माझ्या विधवा नणंदेला, अक्कांना, धारवाडला एका चुलत्यांचे घर सांभाळायला पाठवण्याचे ठरले होते. सोमवारी यशवंतपूर स्टेशनावरून गाडी. ट्रंक भरून तयार. अक्का काहीच बोलल्या नव्हत्या, म्हणून आम्ही सर्व त्यांचा होकार धरून चाललो होतो.

आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही चौघे सारभात जेवत होतो. अचानक मला स्पष्ट ऐकू आले — "मला जायचं नाही."

मी मान वर केली, तोच अण्णा बोलले, "सरी, बरं, नको जाऊ. कोण ढकलतंय तुला?"

"आज दोघांनी मौन मोडलं!" आमचे हे हसले.

"दोघांनी?" अक्कांनी घास गिळला. "मी कुठं बोलले? स्वल्प तूपसुद्धा बोट दाखवून मागितलं मी!"

हात धुतल्यावर मी प्रत्येकाला वेगवेगळे गाठून विचारले. शब्द तेच, आवाज मात्र निराळे. अण्णांना माझ्या दिवंगत सासूबाईंचा, ह्यांना लहानपणीच्या अक्कांचा, मला आजच्या अक्कांचा. स्वतः अक्कांनी फक्त अण्णांचे उत्तर ऐकले होते.

"पण अक्का, जायचं होतं का तुम्हांला?"

"हे आज पहिल्यांदा विचारतेयस," त्या म्हणाल्या, आणि ट्रंकेतली लुगडी काढून परत दांडीवर टाकू लागल्या.

तिघांच्याही मनाला तेच टोचत असावे, हे अनुमान मी करून पाहिले. परंतु एकाच क्षणी, त्याच शब्दांत का? उत्तर अद्याप नाही.

वाचकांना विनंती : आपल्या घरी जिच्याविषयी काही ठरले आहे आणि जी गप्प आहे, तिच्यासोबत एक जेवण मौनाने घ्यावे. जे ऐकू येईल ते एकमेकांना सांगण्याआधी लिहून ठेवावे. काहीच ऐकू आले नाही, तर हात धुतल्यावर तिलाच विचारावे.