माफीनामा मी मोठ्यानं वाचला

“मोठ्यानं वाच की रे. नाटकात तर हॉल दणाणून सोडतोस!”

इंजिनियरसाहेब हसत म्हणाले. इथे आखातात, मीना अब्दुल्ला भागातल्या आमच्या साइटवर सकाळची हजेरी चालू होती. साठ-सत्तर माणसं रांगेत. माझ्या हातात माफीनामा. साहेबांनीच टाइप केलेला, सगळ्यांना कळावा म्हणून हिंदीत.

मी वाचला. “मैंने झूठ लिखा था. इस्माईलभाई अपनी लापरवाही से गिरे.”

इस्माईलभाई पहिल्याच रांगेत होते. रत्नागिरीकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. उन्हाळ्यात इथे दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला सरकारची बंदी आहे. तरी आम्हाला परांचीवर चढवत होते. चौथ्या दिवशी भोवळ येऊन इस्माईलभाई खाली पडले, हात मोडला. मी तेवढंच कागदावर लिहिलं आणि मेसच्या भिंतीला चिकटवलं. खाली माझं नाव.

हे धाडस आलं कुठून? नाटकातून. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. साहेबांनी मराठी मंडळासाठी नाटक लिहिलं होतं, इंग्रजांच्या काळातल्या एका संपादकावर. आधी वर्तमानपत्र चालवणारा, मग कौन्सिलात जाऊन गिरणीकामगारांसाठी सुधारणा मागणारा, शेवटी ती खुर्चीही लाथाडून सरकारविरुद्ध उभा राहिलेला. माफीवर सही केली असती तर सुटला असता. तुरुंगात गेला. आवाज मोठा म्हणून ती भूमिका मला मिळाली. सालमियातल्या हॉलमध्ये मी माफीपत्र टराटरा फाडलं, तेव्हा साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मूर्खाला वाटलं, या माणसाला हे पटतं.

भिंतीवरचा कागद बघून मला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा तेच साहेब म्हणाले, “अरे, ते नाटक होतं. तुझा अकामा कंपनीच्या हातात आहे.”

अकामा गेला की इथलं राहणं संपलं. मी माफीनाम्यावर सही केली.

वाचून झाल्यावर साहेबांनी टाळी वाजवली. काही जण हसले. इस्माईलभाई प्लास्टरमधला हात सांभाळत जवळ आले. “तू लिवलेलास ता खरा होता ना? मग माझ्या तोंडावर खोटा कशाला बोललास?”

मान वर होईना. साहेबांचा राग नंतर आला, आधी स्वतःची किळस आली. आठवडाभर मी मेसमध्ये इस्माईलभाईंच्या शेजारी जेवायला बसू शकलो नाही.

मग साहेबांचा फोन. दुसरा प्रयोग ठरला होता.

“शुक्रवारी चारला ये. लोक तुझ्यासाठी येतायत.”

“येणार नाही.”

“का रे? रागावलास?”

“साहेब, मी माफी मागून बसलोय. माफी न मागणाऱ्याचं सोंग आता मला जमणार नाही.”

रविवारी, इथे तो कामाचाच दिवस, खाडा करून इस्माईलभाईंना घेऊन शूनमध्ये, म्हणजे इथल्या कामगार खात्यात गेलो. बाहेरच्या टायपिंगवाल्याकडून अरबीत तक्रार लिहून घेतली. पहिलं वाक्य मीच सांगितलं: मी वाचलेला माफीनामा खोटा आहे, मी भीतीनं वाचला.

लाज गेलेली नाही. ती जाऊही नये. साहेब, मला परत पाठवायचं तर पाठवा. ती सही मी मागे घेतली आहे. आता दुसरी मागू नका.