रेणुकाचा पहिला पर्याय

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. पुण्याच्या बहिणीशी मी रोज फोनवर बोलते, तिलाही सांगितलेलं नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी बोलत राहते — जणू त्याला ठाऊकच नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता, तर धीर झाला असता का? नसता झाला.

बेळगावात, खासबागेत माझं घर आहे. एकटी राहते. लग्न राहून गेलं, त्यात मोठी गोष्ट काही नाही. पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना, तीस वर्षं गणित शिकवलं. आई होती तोवर घरात कुणीतरी हाक मारायचं. ती गेली, आणि त्याच वर्षी मी रिटायर झाले. मग रेडिओ लावायचा, बंद करायचा. एवढ्याशा भातासाठी कुकर लावायचा. दुपारी बेल वाजली की पोस्टमन असला तरी बरं वाटायचं — इतकं.

जून-जुलैत मात्र माझं घर भरतं. सीईटीचा निकाल लागला की आईबाप मुलांना घेऊन येतात. वडगाव, शहापूर, खानापूरकडची खेडी, पार निपाणीपासून. कुठले दाखले लागतात, कुठल्या कॉलेजात किती नंबरापर्यंत जागा मिळते, ते मी सांगते. कॉलेजांची नावं आपल्या पसंतीच्या क्रमानं संगणकावर भरायची असतात, तेही करून देते. लोकांचा माझ्यावर फार विश्वास. ‘बाईंनी सांगितलं म्हणजे झालं’ — हे मी कितीदा ऐकलं असेल! ऐकायला आवडायचंही. खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू, म्हणते मी. बघा.

रेणुका वडगावची. तिचे वडील मारुती मागावर कामाला. घरातच दोन पॉवरलूम, दिवसभर खडखडाट. पोरीला अभ्यासाला जागा नाही म्हणून बारावीच्या वर्षी ते तिला माझ्याकडं घेऊन आले. दारातच उभे राहून म्हणाले, “बाई, कोपऱ्यात बसंल. तुमास्नी तरास न्हाय द्यायची.”

ती कोपऱ्यात बसली नाही. चार वाजता सायकल लावायची, आत येऊन आधी चहा टाकायची — मी नको म्हटलं तरी. गणित सोडवताना स्वतःशीच बडबडायची, चुकलं की स्वतःलाच शिवी द्यायची. आईच्या खोलीतला पंखा कुरकुरतो म्हणून एक दिवस स्टुलावर चढून तेल घालून मोकळी झाली. आठ वाजता जायची. ती गेली की मी दोन्ही कप धुवायची. दोन कप. तुम्हाला यात काय विशेष असं वाटेल.

तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. खानापूरकडं तिचं आजोळ. लहानपणी तिथं म्हशीचं रेडकू अडलं, तेव्हा डॉक्टरनं कोपरापर्यंत हात घालून ते जितं बाहेर काढलेलं तिनं पाहिलं होतं. “मॅडम, समदी बाया-माणसं रडालती, आन् त्यो डॉक्टर हसालता. मला तसं हसायचं हाय.” हे सांगताना तिचे डोळे असे व्हायचे — जाऊ दे.

तिचा नंबर चांगला आला. फार वरचा नाही, पण चांगला. आम्ही दोघींनी मिळून पर्याय भरले. पहिला हासनचं व्हेटर्नरी कॉलेज, इथून रात्रभराच्या प्रवासावर. मग दुसऱ्या गावांची. अगदी शेवटी बेळगावातलं इंजिनिअरिंग, काहीच नाही मिळालं तर असावं म्हणून.

खऱ्या वाटपाच्या आधी एक कच्चा निकाल लागतो. आत्ताच्या क्रमानं काय मिळेल ते त्यात दिसतं, आणि मग क्रम बदलायला दोन-चार दिवस देतात. तो निकाल लागला तेव्हा रेणुका आजोळी भाताचं रोप लावायला गेली होती. चार दिवस झाले होते. त्या चार दिवसांत दाखल्यांचं विचारायला आलेले आईबाप गेले की, बहिणीचा फोन सोडला तर, माझ्या घरात कुणाचा शब्द नव्हता. पासवर्ड माझ्याकडं होता. मी निकाल उघडला.

तिला हासन लागलं होतं.

मला आनंद झाला का? झाला. एक क्षणभर खरंच झाला. लगेच मनात आलं — हासन. पाच वर्षं. मग नोकरी कुठं तरी तिकडंच. मी खुर्चीत बसून राहिले. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून टेकडावर चढून केला होता, वारा ऐकू येत होता. “मॅडम, लागलं काय वो?”

मी म्हणाले, “नाही गं. बेळगावचं इंजिनिअरिंग दाखवतंय.”

इतकं सोपं असतं ते. मला वाटलं होतं, जीभ अडखळेल.

ती आली तेव्हा उन्हानं काळवंडली होती. मी थेट पर्यायांचं पान उघडून ठेवलं होतं. ती म्हणाली, “तरी बी हासन वरच राहू दे की. खऱ्या निकालात लागंल बी.” बरोबर होतं तिचं. यंत्र वरून खाली बघत येतं. वरचं मिळालं नाही तर खालचं देतं. वर काहीही ठेवा, खालच्याचं काही बिघडत नाही. हे मी शेकडो आईबापांना समजावलेलं आहे — कित्येकांचा उलटा समज असतो, तो काढायलाच माझा निम्मा वेळ जातो. आणि तिला, समोर बसलेल्या तिला, मी काय सांगितलं?

“न मिळणारं वर ठेवलंस, तर खालचंही हातचं जाईल बघ.”

मारुती बरोबर होते. ते घाबरले. म्हणाले, “रेणू, बाई सांगत्यात तसं कर. गावातच हाय, ते बरं हाय.” तिनं माझ्याकडं पाहिलं. शंका नव्हती त्या बघण्यात. असती तर बरं झालं असतं. मग तिनंच माऊस घेतला, स्वतःच्या हातानं हासन काढलं, दुसरी गावं काढली, आणि बेळगाव वर नेलं. मी नुसती शेजारी बसले होते. पुढं कित्येक दिवस मी मनाला हेच सांगत होते — तिनं केलं, मी फक्त बसले होते.

तिला बेळगाव मिळालं. मिळणारच होतं.

तिच्या वर्गातल्या एका मुलाला हासन मिळालं. त्याचा नंबर हिच्या खाली होता. ती विचारायला आली, “असं कसं वो मॅडम?” मी म्हणाले, त्याचा कोटा वेगळा असेल. ती “व्हय, आसंल” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पहिले सात-आठ महिने ती येत राहिली. मग आठवड्यातून एकदा. मग सणाला. तिला तिथले विषय जमेनात. पहिल्या वर्षाचे पेपर तिसऱ्या वर्षापर्यंत राहिले. माझ्याकडं यायची तिला लाज वाटायला लागली होती, असं मारुती एकदा खडेबाजारात भेटले तेव्हा म्हणाले. “तुमी एवढं केलासा, आन् हिनं असं केलं बघा.” मी त्यांचं सांत्वन केलं. मी! हातात भाजीची पिशवी धरून, भर रस्त्यात, त्या माणसाची समजूत घालत उभी राहिले.

चार वर्षांचं शिक्षण तिनं सहा वर्षांत संपवलं. आता एका कारखान्याच्या ऑफिसात बिलं करते. स्कूटरवरून जाताना कधी दिसते. हात करते.

आणि मी? ज्या संध्याकाळींसाठी हे केलं, त्या मला किती मिळाल्या ते सांगितलंच. आज रेडिओ आहे, कुकर आहे. हे काही शिक्षा म्हणून सांगत नाही. शिक्षा झाली म्हणजे फिटलं, असं वाटायचं तुम्हाला.

यंदाच्या जूनमध्ये रेणुका आली. बरोबर निपाणीची तिची आत्या आणि आत्याची मुलगी — बारावी झालेली, चुणचुणीत. रेणुकानं त्यांना खुर्च्या दिल्या, स्वतः खाली बसली. आत्याला म्हणाली, “मॅडम सांगतील तसं करायचं, आत्ते. त्या कुणाला फसवत न्हाईत.”

मी लॅपटॉप उघडला. मुलीला विचारलं, काय व्हायचंय? तिला बंगळूरला जायचं होतं, नर्सिंगला. तिची आई बोटानं पदर पिळत होती. मुलीनं विचारलं, “मॅडम, बंगळूर वर ठेवलं आन् न्हाय लागलं, तर खालचं बी जातं काय?”

माझ्या आधी रेणुका बोलली. “व्हय गं, जातं. माझ्या वेळंला मॅडमनीच सांगितलं, म्हणून निदान एवढं तरी हाती लागलं.”

तिघी माझ्याकडं बघत होत्या.

त्या क्षणी सांगता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. इतकी वर्षं मी त्या वाक्याची तालीम केली होती, न्हाणीत, गॅसपुढं. आता ते समोर येऊन बसलं होतं. मी मुलीला म्हणाले, “नाही, तसं होत नाही. बंगळूर सगळ्यात वर ठेव.” आणि मग, रेणुकाकडं न बघता — “आता नियम बदललेत.”

“बरं झालं की,” रेणुका म्हणाली. मनापासून म्हणाली. बहिणीच्या पाठीवर थाप मारून हसली. “आमच्या वेळंला न्हवतं बघ असं. तुझं नशीब चांगलं हाय.”

नियम बदललेले नाहीत. पहिल्यापासून तेच आहेत.