म्हातारघराचा रंग

ऑगस्टमध्ये मोठ्या घराला पांढरा रंग दिला, तेव्हा दीड डबा उरला. रंग वाया घालवणं गुनवरच्या जिवावर आलं, म्हणून तिनं तो अंगणापलीकडच्या म्हातारघराला देऊन टाकला. एवढंच. पण ग्रोवडालच्या दरीत म्हातारघराला रंग लागला की त्याचा एकच अर्थ होतो: आईबाप आता तिकडे जाणार आणि थोरलं मूल मोठ्या घरात येणार. हे तिला सुचायला हवं होतं. साठीला आलेली बाई, जन्म याच दरीत गेलेला.

मधली तीन वर्षं तेवढी सोडायची. तेव्हा ती बर्गनला मास्तरकी शिकत होती आणि तिच्या खोलीच्या खिडकीतून बोटी दिसायच्या. चोविसाव्या वर्षी वडिलांचं, ताल्लाकांचं, पत्र आलं. ताल्लाक मोजकंच लिहायचे: मेंढ्यांची वीण बरी झाली, नदीला पाणी फार आहे, म्हातारघराचं छप्पर बदललं. शेवटची ओळ वाचून तिनं सामान बांधलं. शेत थोरल्याच्या हक्काचं. हक्क घेतला की पाच वर्षं तिथं राहायचं, असा कायदाच. "पाचच वर्षं गं," ती मैत्रिणीला म्हणाली होती.

आता त्याला पस्तीस वर्षं झाली. नवरा समुद्राकाठचा. ऑक्टोबरात सूर्य डोंगरामागे गेला की मार्चपर्यंत अंगणात ऊन नाही, हे त्याला सहा हिवाळे सोसलं. सातव्याला तो गेला. लेक सुन्नेवा तिच्यापाशी राहिली; आता ती ट्रोंडहाइमला एका दवाखान्यात नोकरीला होती.

ताल्लाक शेवटच्या आजारात म्हातारघरात पडून होते, तेव्हा एकदा म्हणाले, "छप्पर गळत होतं गं, म्हणून बदललं. तू आलीस, मला वाटलं तुला यायचंच होतं. समोरच्या हाल्डोरचा बाप मागत होता जमीन. तुझ्यासाठी नाही म्हटलं त्याला."

गुनवरनं त्यांची उशी सारखी केली आणि विचारलं, "कॉफी घेणार, बाबा?"

यंदा सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या. कानातले बिल्ले बघून ज्याची मेंढी त्याच्या कुंपणात ढकलायची, हे काम सगळ्या दरीचं. मोठ्या पातेल्यात मटण आणि कोबी शिजत होता. गुनवरच्या दोन गुडघ्यांत एक मेंढी धरलेली, तेवढ्यात समोरच्या शेतावरचा हाल्डोर ओरडला, "काय गं गुनवर, पडदे शिवलेस की नाही?"

"कसले पडदे?"

"म्हातारघराचे! समोर मी राहतो, जरा माझा विचार कर."

"तुला दुर्बीण लावूनही काही दिसायचं नाही, मेल्या," त्याची बायको ओशिल म्हणाली आणि सगळे हसले. मग ती गुनवरकडे सरकली. "सुन्नेवाला मीच सांगितलं फोनवर, आई रंगवतेय म्हणून. पोरगी आनंदानं रडली गं! परवा राजीनामा दिला म्हणे दवाखान्यात. तुला नाही बोलली?"

गुनवर झटकन तिच्याकडे वळली. मेंढी निसटली आणि थेट हाल्डोरच्या कळपात जाऊन मिसळली.

तीन वाजता ती घरी आली. ऊन पलीकडच्या कड्यावर चढून गेलं होतं. हात न धुताच तिनं ट्रोंडहाइमला फोन लावला. पहिली चार मिनिटं हवापाण्यावर बोलण्यात गेली, मग मेंढ्यांवर. दोन अजून वर आहेत. एक लंगडतेय. सुन्नेवा हं हं करत होती. आत्ता फोन ठेवला तर झालंच, लेकीचीही पुढची पस्तीस वर्षं इथंच, गुनवरला वाटलं.

"रंग उरला होता," ती म्हणाली.

"काय?"

"दीड डबा. वाया गेला असता. बाकी काही नव्हतं त्यात."

पलीकडून बारीक आवाजात, "म्हणजे मी येऊ नको?"

हेच ऐकायची तिला भीती होती. "तसं नाही गं. तुला यायचंय का? आपल्याकडे कुणी कुणाला विचारत नाही हे. मी विचारतेय."

"मला वाटलं तू थकलीस."

"थकलेय."

"ओशिल म्हणाली, तू खूश आहेस."

"मलाही म्हणाली. तू आनंदानं रडलीस म्हणे."

"रडले," सुन्नेवा म्हणाली. "आनंदानं हे ओशिलचं."

गुनवरनं खुर्ची ओढली आणि बसली. "उद्या जा आणि राजीनामा मागे घे. ते ऐकतील?"

"ऐकतील बहुतेक. माणसं कमीच आहेत." मुलीनं नाक पुसल्याचा आवाज आला. "आणि तू? तू कधी निघणार तिथून?"

बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला. हाल्डोर काखेत मेंढी धरून उतरत होता.

"हाल्डोर आलाय," गुनवर म्हणाली.

"आई, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं मी."

फोन ठेवून ती अंगणात गेली. हाल्डोरनं मेंढी खाली सोडली. "तुझी ही माझ्यात घुसली. आपणहून, हं! मी नाही बोलावली."

गुनवर त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या बापाला ही जमीन हवी होती. त्याला हवी आहे का, एवढंच विचारायचं होतं. चार शब्द. लेकीला विचारले तसेच. ते ओठांपर्यंत आलेही.

"कॉफी घेणार?" ती म्हणाली.

"घेईन की." हाल्डोरनं टोपी मागे सारली आणि म्हातारघराकडे मान वळवली. "रंग मात्र झकास बसलाय गं. आता वीस वर्षं त्याकडे बघायला नको."