तिसऱ्या खोलीतली मुलाखत

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. मुलाखतीत माणसं अडखळतात, चुकीची उत्तरं देतात. पण मी जो पराक्रम केलाय ना, तो करायला अक्कल गहाणच टाकावी लागते!

नवऱ्याच्या, मकरंदच्या, नोकरीमुळे आम्ही जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आलो. पुण्यात अकरा वर्षं गणित शिकवलेली मी, इथे तीन वर्षं नुसती घरात! बी.एड.च्या कागदांना मान्यता मिळवता मिळवता जीव मेटाकुटीला आला. शेवटी पालकांनीच मिळून चालवलेल्या एका छोट्या शाळेनं बोलावलं. ही नोकरी हुकली असती तर शिकवण्याचा नादच सोडणार होते मी.

चार पानी ईमेल आला होता. मी तारीख, वेळ आणि पत्ता तेवढा वाचला. जर्मन ईमेल शेवटपर्यंत कोण वाचतं हो?

मुख्याध्यापिका दाराशीच भेटल्या. "आल्झो, तर मग तिसऱ्या खोलीत बसा. मी आलेच!"

आत बघते तर काय, नऊ-दहा वर्षांची सहा मुलं! एक टेबलावर चढून गाजर खातोय, दोघं पेनवरून भांडतायत. मोठं माणूस एकही नाही. मी मनात म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर! हीच परीक्षा! मुद्दाम वांड वर्ग दिलाय, आता बाहेरून बघत असणार.

मग काय, अकरा वर्षांचा अनुभव उसळून आला!

"खाली उतर! सगळे जागेवर! हाताची घडी, तोंडावर बोट!" जर्मनमध्ये हे कसं म्हणतात कुणास ठाऊक, मी करूनच दाखवलं. मुलांनी बिचाऱ्यांनी तस्संच केलं.

कुरळ्या केसांच्या एका मुलीनं कागद वर धरला. "पण आमचे प्रश्न..."

"प्रश्न नंतर!" कागद जप्त.

तेवढ्यावर थांबेन तर मी कसली! सगळ्यांची नखं तपासली. गाजरवाल्याच्या नखांत माती.

"जा, हात धुऊन ये!"

तो गेला आणि मुख्याध्यापिका आल्या. "योनास कुठे गेला?"

"हात धुवायला पाठवलाय," मी ऐटीत.

"मुलाखत अर्धवट सोडून?"

"कुणाची मुलाखत?"

"तुमची! आमच्याकडे नवे शिक्षक मुलंच निवडतात. ईमेलमध्ये लिहिलं होतं की!"

मी वळून पाहिलं. निवड समिती तोंडावर बोट ठेवून बसली होती.

घामाघूम होऊन मी जप्त केलेला कागद उघडला. पहिलाच प्रश्न, "तू मुलांचं ऐकून घेतेस का?"

"नाही," मी म्हटलं. "आत्ता तर अजिबातच नाही घेतलं. चुकलंच माझं."

मला बाहेर बसवलं. वीस मिनिटं डोळ्यांत पाणी आणि तोंडात गणपतीचं नाव. मग आत बोलावणं आलं. कुरळ्या मुलीनं निकाल वाचला. "हो म्हणणारे चार, नाही म्हणणारे दोन. तू सोमवारपासून ये."

हुश्श! इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! धीर करून विचारलं, "पण मला का निवडलंत?"

"तुला शाळेतलं काहीच कळत नाही," ती गंभीरपणे म्हणाली, "पण चूक लगेच कबूल करतेस. शिकशील."

"हो, आम्ही शिकवू," योनासनं धुतलेले हात दाखवत दुजोरा दिला.

बाहेर येते तोच मकरंदचा फोन. "काय गं, मिळाली का नोकरी?"

"नोकरी कसली रे? प्रवेश मिळालाय मला!"