कर्णेसाहेबांनी सांगितलेला गोल

कर्णेसाहेबांना डोळ्यांपुढे चाललेली कोणतीही गोष्ट मुकाट्याने पाहणे जमत नसे. आमच्या घरी ते प्रथम जेवायला बसले, तेव्हा माझी पत्नी पोळी वाढायला आली. साहेब गंभीरपणे म्हणाले, "वहिनी उजव्या बाजूने पुढे येत आहेत. पोळी पानात पडली आहे. तूप अद्याप मागे आहे." तिला हसू आवरेना; तूप मात्र तत्काळ आले.

साहेब डेन्मार्कचे. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षे झाली असतील. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता आणि त्याची यंत्रे बसवून देण्यासाठी ते आले होते. कामगारांशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे, म्हणून चिंचवडला माझ्याकडे मराठी शिकायला येत. माझी संध्या आटोपेपर्यंत बूट बाहेर काढून, पवना नदीकडे तोंड करून ओसरीवर बसून राहत. दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही घाई केली नाही.

मायदेशी ते रविवारी नभोवाणीवर फुटबॉलच्या सामन्यांचे वर्णन करीत. तिथे गावोगावचे संघ स्पर्धेत उतरत. कुठे कोळ्यांचा, कुठे शिक्षकांचा. घरी बसलेल्यांना चिखलातला तो खेळ दिसावा, एवढेच साहेबांचे काम. "शास्त्रीजी, आमचा देश फार लहान," ते सांगत. "खेळाडूची आई स्वयंपाक करता करता माझे बोलणे ऐकते आणि दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात मला भेटते. खोटे बोलून मी जाणार कुठे?"

एकदा माझ्या वेदपाठशाळेत मुलांची संथा चालली होती. त्यांनी विचारले, "ही मुले इतकी जपून का म्हणतात?" मी म्हणालो, "गुरूकडून आले तेवढेच म्हणायचे. पदरची एक मात्राही घालायची नाही." साहेब प्रसन्न झाले. म्हणाले, "मग आपला दोघांचा धंदा एकच." हे ऐकून मला मनातून फार बरे वाटले.

कारखान्यातल्या कामगारांचा संघ त्यांनीच उभा केला. पिंपळे गुरवच्या शेतकरी घरातले रामभाऊ त्याचे कर्णधार. अनवाणी खेळत. लग्नात वाजणारा कर्णा साहेबांनी माळावरच्या कडुलिंबाला टांगला आणि त्यातून ते सामना सांगू लागले; तेव्हापासून ते कर्णेसाहेब झाले. मराठी मी शिकवलेले, त्यामुळे गोल झाला की माळावर घोषणा होई, "चेंडू जाळ्यात प्रविष्ट झाला आहे."

"परविष्ट म्हंजी गोल झाला व्हय?" कुणी विचारी.

"व्हय. शास्तरीबुवांचं मराठी हाय ते. समजून घे, राव."

मी उपरणे सारखे करून दुसरीकडे पाही.

साहेबांच्या दुसऱ्या वर्षी आमचा संघ एका स्पर्धेत शेवटपर्यंत पोचला; अंतिम सामना आमच्याच माळावर, खडकीच्या लष्करी संघाशी होता. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी सांगून ठेवले होते की, संघ जिंकला तर माळावरची ती जागा मैदान म्हणून राहील. हरला तर तिथे गोदाम होईल. सामना बरोबरीत होता. संपायला थोडा वेळ उरला असताना घोळक्यातून रामभाऊंनी चेंडू आत ढकलला. पंचांनी शिटी वाजवून गोल दिला. माणसे नाचू लागली.

मग कर्ण्यातून आवाज आला, "चेंडू जाळ्यात प्रविष्ट झाला आहे. तत्पूर्वी तो रामभाऊंच्या हाताला लागला. मी पाहिले."

"सायेब, आपलाच गोल हाय," कुणीतरी ओरडले. "पंचाला न्हाई दिसलं, तर तुमाला कशाला दिसायचं?"

खडकीवाल्यांनी दाद मागितली, पण पंच निर्णय बदलेनात. सगळे रामभाऊंकडे पाहू लागले. त्यांनी हात चड्डीला पुसला आणि ते पंचांपाशी गेले. "लागला हाताला," ते म्हणाले. "आता न्हाई म्हणून कसं चालंल?" गोल रद्द झाला. उरलेल्या वेळात खडकीने गोल केला आणि आमचा संघ हरला. तोही गोल साहेबांनी त्याच आवाजात सांगितला.

रामभाऊ लिंबाखाली आले. "सायेब, न बोलता भागलं असतं."

"तिकडे तुमच्या आई बसल्या आहेत," साहेब म्हणाले.

"ती? तिनं तुमच्या आदी बघितलं असंल," म्हणून रामभाऊ खाली बसले आणि पायातला काटा काढू लागले.

पावसाळ्याआधी गोदामाचा पाया खणला गेला. साहेबांचा करारही संपत आला होता. निरोप घ्यायला आले, तेव्हा त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि एवढेच विचारले, "शास्त्रीजी, मी त्यांचे मैदान घालवले का?"

रामभाऊंनी पुढे नदीकाठचे आपले पडीक वावर खेळाला दिले. थेरगाव, वाकड, खडकी, सगळीकडचे संघ तिथे येत. त्या सामन्यांना पंच नसे. पाहुण्या संघाला मी एकदा कारण विचारले. त्यांचा कर्णधार बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "पंच कशाला? रामभाऊ खेळतायत की."