पत्रांतून मी वगळलेली पाठदुखी

"मल्टिपल मायलोमा," डॉक्टर म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सावकाश समजावलं. "हाडांच्या आत मज्जा असते, तिथे रक्त तयार होतं. त्या मज्जेतल्या एका प्रकारच्या पेशींचा हा कॅन्सर. हाडं आतून पोखरली जातात." त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. सुनंदाच्या कवटीवर बारीक गोल छिद्रं दिसत होती.

सुनंदा माझी बायको. ती व्हीलचेअरवर बसली होती आणि तिच्या मागे एक महिला पोलीस उभी होती. कारण सुनंदा तेव्हा कैदी होती.

"पाठ कधीपासून दुखते?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौदा महिने झाले."

"चौदा महिने कुणाला सांगितलं नाहीत?"

"पत्रात लिहिलं होतं," ती म्हणाली.

मी खाली फरशीकडे बघत राहिलो. तिनं खरंच लिहिलं होतं. मला लिहिलं होतं. आणि मी ते काढून टाकलं होतं.

हे मी त्यांच्यासाठी लिहितो आहे, ज्यांचं माणूस तुरुंगात आहे आणि आजारी आहे. तुम्ही फार जण नसाल. पण असाल तर एकटे असाल, हे मला माहीत आहे.

सुनंदा कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. चाकणच्या पट्ट्यातल्या पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रांवर, ज्यांची बोटं गेली त्या कंत्राटी कामगारांवर तिनं सहा वर्षं अभ्यास केला. एका सकाळी एका सरकारी कचेरीबाहेर पन्नासेक माणसं शांतपणे बसली. सुनंदानं खुर्चीत बसून यादी वाचली. नाव, गाव, कोणतं बोट. एवढंच. घोषणासुद्धा नव्हती. तिच्याच कॉलेजातल्या भूगोलाच्या वैशाली मॅडमनी माईक धरला होता. महिन्याभरानं दोघींना अटक झाली. लोकांना चिथावलं, असा आरोप होता.

मी निवृत्त शिक्षक. आकुर्डीच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, आता घरी बसून मुद्रितं तपासतो. सुनंदा मला थट्टेनं मास्तर म्हणायची.

अटकेनंतर आमच्या सोसायटीत लिफ्टमधलं बोलणं हवेपाण्यावर आलं, आणि मग तेही थांबलं. पुनावळ्याला राहणारा तिचा भाऊ म्हणाला, "दाजी, राग मानू नका, पण तिच्या सुटकेची ती पत्रकं आमच्याकडे आणू नका. पोरीचं बघतोय आम्ही." मी राग मानला नाही. त्या दिवशी परतताना मात्र बस चुकीची घेतली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत कळलं नाही.

तिच्या सुटकेसाठी आम्ही थोडे जण जमलो. त्यात सर्वांत खंबीर होती कुरुळीची मंगल. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली होती, आणि यादीतलं चौथं नाव तिचं होतं. दर रविवारी आम्ही आकुर्डी स्टेशनबाहेर सह्या गोळा करायचो. लोक विचारायचे, "कुठल्या कंपनीचं आहे हे?" मंगल सांगायची, "कंपनीचं न्हाई दादा, आमच्या मॅडमचं हाय."

तुरुंगातल्या भेटीला मुलाखत म्हणतात. मध्ये काच आणि कानाला फोन. सुनंदा नेहमी म्हणायची, "बरी आहे मी. तुम्ही जेवता का वेळेवर?" ती स्टुलावर तिरकी बसायची, एक खांदा भिंतीला लावून. मला वाटायचं, काचेवरच्या चकाकीमुळे तशी बसते.

तोंडावर दुखणं सांगणं तिला कधीच जमलं नाही. पण तिच्या पत्रांत, पुस्तकांच्या आणि बराकीतल्या बायकांना ती शिकवायची त्या बाराखडीच्या गोष्टी चालू असताना, मध्येच एखादी ओळ असायची. "पाठ दुखते, कुशीवर वळता येत नाही." "काल भांडं उचलताना कण्यात काहीतरी मोडल्यासारखं झालं." "दवाखान्यात त्याच गोळ्या देतात." आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा बाराखडी.

मी उत्तरात लिहिलं, "फरशीवर झोपून होतं असं. थोडा व्यायाम कर." अठ्ठावन्न वर्षांच्या बाईची पाठ दुखते, यात मला काही विशेष वाटलं नाही.

पुढे आमच्या या समितीत ठरलं, तिच्या पत्रांची पुस्तिका काढायची. कुणीतरी म्हणालं, सूर खचलेला नको. ते म्हणायचीही गरज नव्हती. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. परिच्छेदात जे बसत नाही ते गोल करून वगळलं. बाराखडीच्या मध्ये पाठदुखी बसत नव्हती. शिवाय सुनंदाला कुणी कीव केलेली आवडत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. बारा पत्रांपैकी सातांत मी अशा खुणा केल्या. पुस्तिका सुंदर झाली. पिवळं मुखपृष्ठ, एकही चूक नाही. लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे.

तोवर ती काठी घेऊन चालायला लागली होती. आमच्या वकीलबाईंनी अर्ज केला की तिला बाहेरच्या रुग्णालयात नेऊन तपासण्या कराव्यात. सुनावणीच्या दिवशी सरकारी वकिलांनी पिवळी पुस्तिका वर धरली आणि त्यातलं एक पान वाचलं. "मी रोज चालते, वाचते, बायकांना शिकवते, मजेत आहे." "या बाई आजारी आहेत असं त्यांचेच लोक म्हणत नाहीत," ते म्हणाले. अर्ज फेटाळला गेला.

मी तेव्हाही मूळ पत्रांचं नाव काढलं नाही. घरी आलो, एका माणसाचा चहा केला आणि तो गार होईपर्यंत त्याच्यासमोर बसलो.

पुढचे पाच महिने मी सह्या गोळा केल्या. अधिक सह्या, अधिक पोस्टकार्डं. खरी गोष्ट घरी ट्रंकेत, मूळ पत्रांत होती आणि मी स्टेशनबाहेर उभा होतो.

एका दुपारी मंगल पहिली पाळी करून थेट घरी आली. "सर, मॅडम उठून बसंना झाल्यात म्हणं. कंपनीतल्या बायका मला इचारतात, पुस्तिकेतल्या पत्रात काईच कसं न्हाई? खरंच न्हाई काय?"

मी ट्रंक उघडली. मूळ पत्रं तिच्यासमोर ठेवली. ती बोट ठेवून सावकाश वाचत गेली आणि पहिल्या पेन्सिलीच्या खुणेपाशी थांबली.

"ह्ये गोल कुणी केलं?"

"मी."

"का?"

तिनं दुसरं पत्र घेतलं, मग तिसरं. मग सगळी नीट एकावर एक ठेवली.

"माझी बोटं गेली तवा सुपरवायझरनं कागदावर 'किरकोळ दुखापत' लिवलं हुतं," ती म्हणाली. "त्याला पण म्हणं कागद चांगला दिसायला पायजे हुता." उठताना म्हणाली, "चला, चपला घाला. वकीलबाईकडं जाऊ."

वकीलबाईंनी पत्रं उलटीसुलटी करून पाहिली. "सर, हा शिक्का बघितलात?" प्रत्येक पानावर खाली तुरुंगाच्या कार्यालयाचा शिक्का होता, कैद्यांची पत्रं वाचून मगच बाहेर सोडतात त्याचा. "म्हणजे पाठदुखीची ही ओळ त्यांनी पहिल्या दिवसापासून वाचलीय. हे आपल्या कामाचं आहे. पण पुस्तिकेत ती का नाही, हे तुम्हाला कोर्टात सांगावं लागेल."

मी प्रतिज्ञापत्र लिहिलं. न्यायाधीशांनी मूळ पत्र आणि पुस्तिका शेजारी शेजारी ठेवली. "या खुणा कुणाच्या?"

मी उभा राहिलो. "माझ्या."

"कशासाठी केल्या?"

"पत्र चांगलं वाचलं जावं म्हणून."

कोर्टात कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. तपासण्यांचा हुकूम त्याच दिवशी झाला.

तपासण्यांबद्दल थोडं सांगतो. आधी रक्त. हिमोग्लोबिन फार खाली, कॅल्शियम फार वर, कारण पोखरलेल्या हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतं. क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. मग बोन मॅरो बायॉप्सी. यात कमरेच्या हाडात जाड सुई घालून मज्जा काढतात. जागा बधिर करतात, पण मज्जा ओढून घेतात तेव्हा कळतं. सुनंदानं त्या महिला पोलिसाचा हात धरला होता. मला दाराबाहेर थांबवलं होतं. ती पोलीस नंतर बाहेर येऊन हळूच म्हणाली, "काका, झालं. रडल्या नाहीत." त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. त्यांचे उपकार आहेत.

पाठीचे दोन मणके खचले होते. मी डॉक्टरांना विचारलं, वर्षभर आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "तुरुंगात दिलेल्या त्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडांवर आणखी ताण आला. आधी आला असतात तर बहुतेक डायलिसिस लागलं नसतं. काही वर्षं मिळाली असती. किती, ते मी नाही सांगू शकत." खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. त्याबद्दलही मी त्यांचा ऋणी आहे.

तीन आठवड्यांनी जामीन झाला आणि सुनंदा घरी आली. आठवड्याला एकदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, आणि तीनदा डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त गाळून पुन्हा अंगात सोडायचं. प्रत्येक वेळी चार तास. बाहेरच्या बाकावर मी दर वेळी तीच माणसं बघायचो. आम्ही एकमेकांची नावं विचारली नाहीत, फक्त पाण्याची बाटली पुढे करायचो.

ती घरी आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं पिवळी पुस्तिका मागितली. मी दिली. ती खिडकीत बसून शेवटपर्यंत वाचत होती आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत होतो.

"मास्तर," तिनं हाक मारली. "मी एवढी शूर कधी झाले हो?"

मी सगळं सांगितलं. पेन्सिल, पाच महिने, मंगल. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. ती चिडली नाही, आणि माफही केलं असं म्हणाली नाही.

"मला वाटायचं, तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये," ती म्हणाली. "म्हणून पुन्हा पुन्हा लिहायचे."

मग तिनं मला एक वही आणायला सांगितली. "आता मी सांगते, तुम्ही लिहा. आणि तुमची ती पेन्सिल नको. पेन घ्या."

त्या दिवसापासून आम्ही रोज लिहिलं. "आज पाठ, दहापैकी आठ. तोंडात धातूची चव. वरण गेलं नाही. भीती वाटते." कधी कधी ती म्हणायची, "हे नका लिहू." मग लगेच, "लिहा, लिहा." डॉक्टर दर वेळी आधी ती वही मागायचे. त्यातूनच औषधांची मात्रा दोनदा बदलली आणि तिला काही रात्री सलग झोप लागली. या वहीवाचून मला हे लिहिता आलं नसतं.

सात महिन्यांनी, डायलिसिस चालू असतानाच, सकाळी साडेनऊच्या सुमारास ती गेली. वहीतली शेवटची नोंद तिच्या सांगण्यावरून मीच लिहिलेली आहे. "आज कमी दुखतंय. खरंच."

वैशाली मॅडम अजून आत आहेत. त्यांच्यासाठी आम्ही रविवारी स्टेशनबाहेर उभे राहतो. सुनंदाच्या पत्रांची पुस्तिका पुन्हा छापली, सगळ्या ओळींसकट. मागच्या महिन्यात एका बाईनं उभ्या उभ्या एक पान वाचलं आणि मंगलला विचारलं, "अगं, मग दाखवलं का नाही हिला डॉक्टरांना?" मंगलनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "उशीर केला. मीच." त्या बाईनं वैशाली मॅडमच्या अर्जावर सही केली आणि पुस्तिका पिशवीत घालून नेली.

तुमचं माणूस आत असेल तर त्याची पत्रं जशीच्या तशी ठेवा. शिक्का दिसेल अशी प्रत काढा. दुखण्याची ओळ त्याच दिवशी वकिलाकडे पाठवा. ते धीराचं आहे हे जगाला नंतरही कळेल.

मी वैशाली मॅडमना पत्र लिहिलं की, कुठे दुखतं ते सगळ्यात आधी लिहा. बाकी पुस्तकांचं वगैरे मागून. मंगळवारी त्यांचं उत्तर आलं.

"सर, डावा गुडघा सुजलाय, जिना उतरता येत नाही. बाकी पुढच्या पानावर."

मी पुढचं पान उलटलं नाही. चष्मा घातला, चपला घातल्या आणि आधी वकीलबाईंकडे गेलो.